मागनं ऐकू येणारी थाप

निपाणीच्या देवाप्पाला कुणी वय विचारलं, की तो ढोलकी पुढं ओढून म्हणायचा, "ऐक आणि तूच सांग." असा इरसाल गडी! जन्म बसच्या डेपोत इंजिनं खोलण्यात गेला, पण भीमजयंतीला त्याच्या ढोलकीशिवाय आणि बायको सोनुबाईच्या गळ्याशिवाय गल्लीत पान हलत नव्हतं.

यंदा दोघांनी ठरवलं, घरच्या कॉम्प्युटरवर गाणं रेकॉर्ड करून मंडळाला द्यायचं. लेक सोनमनं बेळगावातनं वायरलेस हेडफोन धाडले. देवाप्पानं ते कौतुकानं कानावर चढवले, ढोलकीवर थाप मारली आणि त्याचं तोंडच उतरलं. थाप आत्ता मारली, अन् कानात येतीया मागनं! सावरायला जावं तर ताल आणखीच रेंगाळायचा. आठवडाभर हाच खेळ. सोनुबाई हेडफोनच्या भानगडीत पडली नव्हती. ती आपली त्याच्याकडं बघत गात होती.

शेवटी देवाप्पानं ढोलकीवर चादर टाकली. "हात म्हातारा झाला गं. यंदा ढोलकीवर गल्लीतल्या त्या पोरसवदा रवळूला बसवा म्हणून सांगतो मंडळाला." उभी हयात तालात घालवलेल्या माणसानं बेताल म्हणून घरी बसायचं, हे काय सोपं आहे होय?

रविवारी सोनम आली. सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "आप्पा, हात न्हाय, ह्यो कॉम्प्युटर सुस्त हाय! तुमचा आवाज आधी बफरमध्ये साठवतोय, मग कानाला देतोय. संकेश्वरच्या वडापची जीप शिटा भरल्याशिवाय हलती का? तसंच हे. त्यात वायरलेसचा उशीर वेगळा. चुकलं माझंच."

तिनं बफर कमी केला. आवाज चरचरायला लागला तसा बफर पुन्हा किंचित वाढवला, बाकीचे प्रोग्राम बंद केले आणि साधा वायरचा हेडफोन जोडला.

देवाप्पानं भीत भीत थाप मारली. हाताखाली आणि कानात, एकदमच! गडी असा खुलला, की विचारू नका. "हं, म्हण गं!"

सोनुबाईनं सूर लावला आणि पहिल्याच समेला मागं राहिली. पुढच्या समेलाही तेच. जन्मात कधी न चुकलेली बाई!

"अगं, आज तुला काय झालं?" देवाप्पा हसत म्हणाला.

"आठवडाभर समेवर तुमची वाट बघत हुते. सवय लागलीया. सुटंल आता."

देवाप्पाचं हसू विरलं. "मग तवाच सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं, तर तुमी तवाच ढोलकी झाकली असती."