पडदा ओढा आधी

सगळी संस्था तिला घुबड म्हणायची आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. अंधाऱ्या खोलीत उभा जन्म काढल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? त्या खोलीत प्रयोगशाळेचा सगळ्यात महागडा मायक्रोस्कोप होता. पेशीतल्या प्रथिनांना चमकणारा रंग चिकटवायचा, वर लेसर सोडायचा, की पेशीचा सांगाडा हिरवागार उजळतो. पण तो रंग भारी नाजूक. बाहेरचा उजेड लागला की विटलाच. म्हणून दाराच्या आत जाड काळा पडदा होता. दार उघडलं की घुबड मान न वळवता ओरडायची, "पडदा ओढा आधी!" संचालक असो की झाडूवाला, सगळे मुकाट ओढायचे.

त्या दिवशी टेबलामागे फरशीवर तिची ताई बसली होती. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद. सकाळी भाऊजींनी तिला पट्ट्याने फोडून काढलं होतं आणि "आज तुला संपवतोच," असं बजावून ते कामावर गेले होते. ती अनवाणीच इकडे पळून आली. घुबडाने पोलिसांना फोन केला. येतो म्हणाले. येतील की, सावकाश! तोवर नमुने वाया कशाला घालवायचे, म्हणून ती स्क्रीनकडे बघत काम करत राहिली.

दुपारी दार धाडकन उघडलं. व्हरांड्यातल्या उन्हात भाऊजी उभे, हातात लोखंडी पाना.

"कुठाय ती सटवी?"

घुबडाने बोंब मारायला हवी होती. मेला तो मायक्रोस्कोप, ताईला ओढून पळायला हवं होतं. पण सवयीपुढे शहाणपण चालतं थोडंच! तोंडातून निघालं काय, तर "पडदा ओढा आधी!" आणि काय सांगावं, आवाजात जरबच अशी होती, की त्या राक्षसाने हात मागे नेऊन खरंच पडदा ओढला.

तिने झटकन स्क्रीन बंद केला. उन्हातून आलेल्या त्याला आता स्वतःचा हात दिसेना.

"दिवा लाव! नाहीतर डोकं फोडीन!" म्हणत तो पाना फिरवत सुटला. एक घाव मायक्रोस्कोपवर बसला, भिंगाचा चुरा झाला. मग मात्र तिचं टाळकं सरकलं. पडद्याच्या कडेने येणारी उजेडाची रेघ तिला पुरेशी होती. लोखंडी स्टूल उचलून तिने त्याच्या गुडघ्यावर घातलं. हाड कडकन मोडलं. दुसऱ्या घावाने मनगट गेलं, पाना लांब उडाला. रक्ताने फरशी निसरडी झाली. तो गुरासारखा ओरडत होता, "नको! हात जोडतो, नको!"

घुबड थांबली. बास झालं, पुढचं पोलीस बघतील. एका हातात स्टूल धरून ती भिंतीवर बटण चाचपू लागली.

"दिवा नको लावूस," ताई म्हणाली. सकाळपासून ती त्याच अंधारात बसली होती. तिने उठून बहिणीच्या हातातलं स्टूल काढून घेतलं. "मला दिसतंय सगळं."