मेहुण्याचा झेंडा

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या त्या माणसाला गावभर शिट्टीसाहेब म्हणत. आठवडाभर मशीनवर वाकायचं आणि रविवारी फुटबॉलच्या मैदानावर रेफरी म्हणून धावायचं. शिव्या तर पाचवीलाच पुजलेल्या. पण हरलेला संघसुद्धा मनात म्हणायचा, माणूस विकला जाणार नाही.

बायकोच्या धाकट्या भावाला त्यांनीच तयार केलं. अंगणात धुण्याची दोरी जमिनीवर अंथरून त्याला रेषेवर धावायला शिकवलं, झेंडा कधी उचलायचा ते शिकवलं. पुढे प्रत्येक सामन्याला तोच त्यांचा लाइनमन.

अंतिम सामन्यात चेंडू वरच्या दांड्याला लागून खाली आपटला. गोलरेषेच्या आत की बाहेर? शिट्टीसाहेबांच्या समोर खेळाडूंची झुंबड. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. त्याने झेंडा उंचावला आणि तो मध्यरेषेकडे धावत सुटला. म्हणजे गोल. त्यांनी शिट्टी फुंकली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. चेंडू गोलरेषेच्या अलीकडेच, म्हणजे गोल झालाच नव्हता.

संघटनेने चौकशी लावली. शिट्टीसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून निर्धास्त गेले. "लाइनमनने खूण केली, मी ती मानली. चूक दोघांची."

अध्यक्षांनी मेहुण्याला विचारलं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, "मी झेंडा उचललाच नव्हता. दाजींनी परस्परच गोल दिला. हल्ली त्यांना लांबचं नीट दिसत नाही."

शिट्टीसाहेबांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "अरे, माझ्याकडे बघून बोल," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तो बघेना.

त्यांना मैदानबंदी झाली. दुकानात गिऱ्हाइकं हसायची, "आधी स्वतःचा नंबर काढा हो!" मालकानेही त्यांना मागच्या खोलीत बसवलं. ते सगळं एक वेळ गिळता आलं. पण घरी बायको ताट वाढताना हळूच म्हणाली, "तो कशाला खोटं बोलेल? वय होतंय तुमचं. मान्य करा ना." तेव्हा ते भरल्या ताटावरून उठले.

महिनाभराने मेहुणा आला. बहीण आत कणीक मळत होती. तो खालच्या आवाजात म्हणाला, "दाजी, राग धरू नका. तुमचं आता किती राहिलं होतं? माझी तर सुरुवात आहे. दोघं बुडण्यापेक्षा..."

"म्हणजे झेंडा उचलला होतास."

"उचलला होता. पण आता बोलून काय उपयोग?"

कणकेच्या हातांनीच बहीण दारात येऊन उभी राहिली. "हे अध्यक्षांसमोर बोलशील?"

तो चपला शोधू लागला.

"मग या घरात पुन्हा येऊ नकोस," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली, पण नजर न देताच कणकेकडे परतली. नवरा-बायकोत तेव्हापासून एक अवघडलेपण राहिलं ते राहिलंच.

पुढच्या वर्षी अंतिम सामन्याचा रेफरी मेहुणा झाला. शिट्टीसाहेबांची बंदी उठली, शाळेच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. ते गेले. नवा लाइनमन चांगला तरतरीत होता. त्याने ऑफसाइडचा झेंडा वर केला आणि शिट्टीसाहेब थबकले. खरंच? की हाही? शिट्टी ओठांत तशीच राहिली, खेळ पुढे गेला, मुलं ओरडू लागली.

मध्यंतरात त्यांनी आयोजकांना सांगितलं, "दुसरा कुणी बघा. माझे डोळे ठीक आहेत. पण बाजूच्या माणसावर भरवसा ठेवल्याशिवाय हे काम होत नाही, आणि तो आता मला ठेवता येत नाही."