भंडाऱ्यानंतरचा तिसरा दिवस

“बाकावर नको. खाली फरशीवर बसवा त्याला.”

व्यसनमुक्ती केंद्राच्या दारातला माणूस माझ्याकडे न बघताच बोलला. माझा धाकटा भाऊ थरथर कापत होता. सदरा घामानं भिजलेला. भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून बोटानं दाखवत होता. भिंत स्वच्छ होती.

“पिऊन आलाय की ह्यो.”

“न्हाय साहेब. तीन दिस थेंब घेतला न्हाय. भंडारा उचललाय त्यानं.”

“मग कापतोय कशानं? पावणं, आमाला शिकवू नका. सोमवारी या. वळखीच्या माणसाची चिठ्ठी आणा.”

त्या दिवशी गुरुवार होता.

तेवढ्यात पांढरी गाडी आत आली. कुठल्याशा कारखान्याच्या संचालकाचा भाचा. दोघांनी काखेत धरून आणला. वास दारापर्यंत येत होता. त्याच माणसानं धावत जाऊन दोन्ही दारं उघडली.

“फोन आलता,” एवढंच मला म्हणाला.

मी काय केलं? हात जोडले. “बरं साहेब,” म्हणालो. भावाला रिक्षात घातलं आणि मंगळवार पेठेत घरी परत आणलं.

आम्ही दोघं फौंड्रीत एकाच खात्यात. तो वीस वर्षं रोज पिणारा. आमच्या गल्लीत दारू सोडवायची रीत एकच. देवळात न्यायचं, चार माणसांसमोर भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून शपथ घ्यायला लावायची. त्याचा हात धरून भंडाऱ्याच्या ताटात मीच ठेवला होता.

शुक्रवारी झटके आले. शनिवारी दुपारी गेला.

मातीला आलेली माणसं कुजबुजली, “भंडारा बाधला.” एका वडीलधाऱ्यानं मला सरळ विचारलं, “चोरून घेतली व्हय रं?”

मी मान हलवली. हो म्हणून. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मग केंद्राच्या दारातनं परत का आणलास?

भावजय त्या दिवसापासून शपथ मोडणाऱ्याची बायको झाली. तिच्या पोरीला बघायला आलेले पाहुणे एवढं ऐकून उठून गेले. मी तिथंच बसलो होतो.

दहा-अकरा वर्षांनी गल्लीतल्या एका रिक्षावाल्याला देवळात आणलं. ताट धरायला मला बोलावलं. त्याचे हात आधीच भावासारखे कापत होते.

“ह्यांच्या भावाचं काय झालं म्हाईत हाय न्हवं?” कुणीतरी त्याला दम दिला.

मी ताट खाली ठेवलं. “ह्याला आत्ता दवाखान्यात न्यायचं.”

“म्हातारं बिघडलं,” म्हणून हसले. मी नेलाच.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी मागितली नाही. लगेच सुई दिली. म्हणाल्या, “आजोबा, रोज पिणाऱ्याची एकदम तोडली की जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी औषध लागतं.”

म्हणजे माझा भाऊ शपथ पाळली म्हणून मेला.

घरी येऊन भावजयीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

“मला कशाला सांगताय भावजी? त्यांनी मोडली न्हवती, मला ठावं हाय. ज्यांच्याम्होरं मान हलवली, त्यास्नी सांगा की.”

उद्या गल्लीची बैठक आहे. नुसतं बोलायला गेलो तर मी पुन्हा हात जोडीन, म्हणून लिहून काढलं. उभा राहून वाचणार. माझ्या खोट्यासकट. आणि यापुढं दारूसाठी कुणाचा हात भंडाऱ्यावर ठेवायचा असेल, तर आधी मला देवळातनं उचलून बाहेर टाकावं लागेल.