गेलंच असं धरून चाला

'शुभ बोल रे नाऱ्या' ही म्हण ज्या नाऱ्यामुळे निघाली, तो आमच्या साडूंच्याच घराण्यातला असला पाहिजे, याबद्दल मला तरी शंका नाही. दुधानं तोंड पोळल्यावर लोक ताक फुंकून पितात. आमचे साडू न पोळताच फुंकतात. स्वतःचं लग्न लावायला त्यांनी दोन जंगमस्वामी सांगून ठेवले होते, एक आलाच नाही तर दुसरा असावा म्हणून. दोघंही वेळेवर आले आणि साडूंनी दोघांनाही आनंदानं दक्षिणा दिली. देवळाबाहेर चप्पल काढली की तिच्याकडं एकदा शेवटचं पाहून घेतात, मलाही "गेलंच असं धरून चाला" म्हणून बजावतात, आणि दर्शन घेऊन आल्यावर ती जागेवर दिसली की सणाचा आनंद होतो त्यांना. एकदा आम्ही दोघांत मिळून आंब्याची पेटी घेतली. नासके किती निघतील ते रस्त्यातच ठरवून त्यांनी तेवढे आंबे बाजूला काढले आणि उरलेल्यांच्या वाटण्या केल्या. एकही नासका निघाला नाही, तर बाजूला काढलेले सगळे माझ्या पोरांच्या हवाली करून म्हणाले, "हे आपले नव्हतेच की!"

असा हा माणूस अंबाजोगाईच्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीत हिशेबाचा प्रमुख आहे. मध्यंतरी तिथं हिशेबाचा नवा नियम आला. पूर्वी कर्जदाराचे हप्ते थकले की मग बुडीताची तरतूद करायची. आता कर्ज दिल्या दिवसापासून अंदाज बांधायचा, आणि एखाद्याचा धोका वाढलेला दिसला तर हप्ता चुकायची वाट न बघता त्याच्यापोटी जास्तीचे पैसे बाजूला काढायचे. कंपनीतल्या सगळ्यांचे चेहरे उतरले, कारण नफा घटणार. साडूंना मात्र कोण आनंद! मला मुद्दाम फोन करून म्हणाले, "जल्मभर मला समदे रडतोंड्या म्हनत आले. आता नियमानंच समद्यांना माझ्यासारखं केलंय, साडूबुवा."

पण नियम छापणाऱ्यांना आमचा मुलूख ठाऊक नव्हता. आमच्याकडं दुकानाला कुलूप लावणारा वाणी 'दुकान बंद केलं' म्हणत नाही, 'वाढवलं' म्हणतो. अशा माणसांनी चांगल्या हिंडत्या-फिरत्या, हप्ते भरणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल 'हा बुडेल' असं लिहायचं कसं? धोका कोणाकोणाचा वाढलाय असं विचारल्यावर नांदूरघाटच्या शाखेनं कळवलं, "देवाच्या दयेनं सगळे सुखरूप हायत." बाकीच्या शाखांचंही तेच. कोणाचा धंदा बसत चाललाय हे सगळ्यांना माहीत होतं; पण त्यांत कोणाचा मामा होता, कोणाचा व्याही. पहिलं अशुभ कोण बोलणार? आणि कोणीच बोललं नाही तर खोट्या हिशेबाखाली सही साडूंना करावी लागणार होती.

शेवटी भरल्या बैठकीत पहिलं नाव साडूंनीच घेतलं. ते नाव होतं आमच्या सासऱ्यांचं, दिंद्रुडच्या आडत दुकानवाल्यांचं, ज्यांचा एक हप्ता कधी चुकला नव्हता. मग कुठं बाकीच्यांची तोंडं उघडली.

ही बातमी दिंद्रुडला पोचायला कितीसा वेळ लागणार? साडूंच्या बायकोनं, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं, "जित्या माणसाला बुडीत लिवता?" एवढं विचारून बोलणंच टाकलं. त्यात आला धोंड्याचा महिना. जावयांना बोलावून, पुरणाचे धोंडे खाऊ घालून मान द्यायचा हा महिना, आणि निमंत्रण दोघांनाही होतं. "आपल्याला ताट न्हाई असं धरून चाला," असं म्हणत साडूंनी निघताना पिशवीत चिवड्याचा पुडा टाकला.

दिंद्रुडला दोन ताटं मांडलेली होती. सासऱ्यांनी आम्हाला बसवलं आणि सरळ विचारलं, "माझं नाव पयलं घेतलं म्हनं तुमी?"

"घेतलं, मामा."

"कावून?"

"मागल्या खेपेला दुकानात आलतो, तवा काट्यावर धूळ व्हती," साडू खाली मान घालून म्हणाले. "व्यापारी शेतातूनच माल उचलाय लागलेत. तुमी एकटेच बसलावता."

दाराशी उभी असलेली मेहुणी बापाकडं बघत होती. सासरे म्हणाले, "पोरींच्या ध्यानात आलं न्हाई, ते तुमच्या आलं. बाजारात लोक म्हनत्यात, ज्यानं सासऱ्याला सोडलं न्हाई त्याचा हिशेब खराच असनार. माझी मान वर झाली." मग डोळे बारीक करून म्हणाले, "आता पैशे बाजूला काढलेच हायत, तर म्या न्हाई भरले तरी चालंल की!"

"न्हाई चालायचं," साडू गंभीरपणे म्हणाले. "ती आमची भीती हाय. हप्ता तुमचा तुमाला हायेच."

सासरे ठसका लागेपर्यंत हसले. मेहुणी पुढं आली आणि किती दिवसांनी नवऱ्याशी बोलली, "तूप घ्या." साडूचं कौतुक करणं आपल्याकडं रीतीत बसत नाही, पण खरं सांगतो, त्या दिवशी त्यांच्या पंगतीला बसलोय याचा मला लई अभिमान वाटला.

निघताना सासरे चौकटीला धरून उभे राहिले. या खेपेला त्यांना धरल्याशिवाय उभं राहवत नव्हतं. म्हणाले, "फुडल्या धोंड्याला दोघांनी यायचं बरं का." पुढचा धोंडा म्हणजे तीन वर्षांनी. मी साडूंकडं पाहिलं. आता हे काय बोलतील ते मला पाठ होतं, आणि ते त्यांनी बोलू नये असं फार वाटत होतं.

साडूंनी सासऱ्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "येनार असं धरूनच चाला, मामा," ते म्हणाले.

चांगल्या गोष्टीबद्दल असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. गाडी दिंद्रुडच्या बाहेर पडेपर्यंत ते मागं वळून बघत होते.