राशीपुढे कोण बसले होते?

देवावर माझी श्रद्धा आहे. भुताखेतांवर मात्र कधीच नव्हती. आयुष्यभर संस्कृत शिकवले, पनवेलच्या पंचक्रोशीत पौरोहित्य केले, आणि अंगात येणे, झपाटणे या गोष्टींना भ्रमच म्हणत आलो. म्हणूनच पुढील हकिगत वाचकांपुढे ठेवताना संकोच वाटतो...

नव्वदचे दशक नुकतेच लागले होते. सुकापूरच्या पलीकडे कुणा धनिकाने आपल्या लहान विमानासाठी मातीची धावपट्टी करून घेतली होती. विमान येई ते सकाळी, तेही आठवड्यातून एखादे वेळी. एरवी ती जागा मोकळीच. तेव्हा शेजारचा शेतकरी बळीराम याने पट्टीच्या टोकालाच भाताचे खळे घातले! मार्गशीर्षातल्या एका दुपारी मळलेल्या भाताच्या राशीच्या पूजेसाठी त्याने मला तेथे बोलावले.

"अरे, ही विमानाची वाट," मी म्हटले.

"गुरुजी, जमीन बगा कशी कडक हाय! चोपायला नको, सारवायला नको. आन् इमान आयलंच तं त्यालापन परसाद देऊ."

त्याची सून हिरा पदराआड हसली. तिचे दोन महिन्यांचे बाळ राशीच्या आडोशाला गोधडीवर निजले होते.

त्या घरची रीत अशी, की राशीची पूजा सुरू झाली म्हणजे आरतीपर्यंत कोणी खळ्यातून उठायचे नाही. उठल्यास बरकत जाते. आरंभिलेले कर्म टाकून आसन सोडू नये, हा माझाही नेम. तो मी कधी मोडला नव्हता.

मला आठवते ते असे. हळदकुंकू वाहिले. झेंडूचे फूल हाती घेतले. तोच घरघर ऐकू आली, म्हणून मान वर केली. विमान पट्टीवर फार पुढे येऊन टेकले होते आणि थेट आमच्यावर धावत होते. पंख्याचे गरगरते चक्र दिसले. भुसा उडून तोंडावर आला. मी आसनावरच होतो—

यापुढे काही नाही.

नंतर पाहतो तो मी पन्नास पावलांवर, करंजाखाली उभा. छातीशी बाळ. हिरा माझ्या उपरण्याला धरून रडत होती. विमानाचे नाक राशीत रुतले होते, एक पंख मोडून पडला होता.

बळीराम धापा टाकत म्हणाला, "गुरुजी, तुमी एकदम वरडलात, 'उठा! हिरे, मागं बगू नको!' आन् पोराला उचलून पळालात. आमी तुमच्या मागं. पन तवर तं इमान कुठं दिसतपन नव्हतं! तुमाला कसं कळलं?"

मी ओरडलो नव्हतो. मी उठलोही नव्हतो.

इतक्यात वैमानिक बाहेर पडला. तिशीचा तरुण, कपाळ फुटलेले. विमानाकडे ढुंकूनही न पाहता तो गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी भात उपसू लागला.

"अहो, काय शोधता?" मी जवळ जाऊन विचारले.

"एक आजोबा होते इथे... हातात फूल होतं. वारा पाठीशी घेऊन उतरलो, चाकं उशिरा टेकली. पुन्हा वर न्यायला हवं होतं, नाही नेलं. चूक माझीच आहे हो! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण ते उठलेच नाहीत..."

मग त्याने मान वर केली. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि बसल्या बसल्याच मागे सरकला.

तरीही आम्ही सगळी रास उपसली. खाली कोणी नव्हते.

गावाने म्हटले, देवाने वाचवले. बाळापुरते मीही तसेच म्हणतो, आणि हात जोडतो. परंतु ते चक्र अंगावर येताना मी पाहिले आहे, बसल्या जागेवरून. त्या वैमानिकानेही मला तेथेच पाहिले. याचा उलगडा मला अद्याप कोणत्याही शास्त्रात सापडलेला नाही.