हराळीचं लॉन

सांडूला एक खोड होती. काही दिसलं की विचारायचं, "का बरं?" पोलीस ॲक्शनच्या साली फुलंब्रीकडं जन्मलेला हा गडी लहानपणी बापाला विचारायचा, बैल ह्याच कुशीवर का बसला? बाप वैतागून म्हणायचा, "बैलालाच विचार." आणि हा बहाद्दर खरंच गोठ्यात जायचा!

चाळिशी ओलांडल्यावर तो दौलताबादच्या रस्त्याला, मनाच्या आजारांच्या एका नव्या दवाखान्यात माळी म्हणून लागला. इमारत झकास. मोठ्या खिडक्या, खेळती हवा, मधोमध अंगण. अंगणात पुण्याच्या इंजिनिअरसाहेबानं हिरवंगार लॉन आखलं होतं, भोवती सिमेंटची बाकं. हिरवळ बघून मन शांत होतं म्हणे. होत असेल बुवा. पण ते लॉन लावताना सांडूला घाम फुटला, कारण ती हराळी होती. शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको, हराळी म्हणजे वावराची वैरीण. मातीत एक कांडी राहिली तरी पुन्हा फुटते. आज्या-पणज्यांनी जिच्या काशा, जमिनीतल्या लांब मुळ्या, वेचता वेचता पाठी मोडून घेतल्या, ती सांडू पगार घेऊन लावत होता, वर झारीनं पाणी! "आज्या असता तर पायताण काढलं असतं," असं तो स्वतःशी म्हणायचा.

लॉन वाढलं, आणि बाकांवर कोणी बसेना. दवाखान्यातल्या आजारी बायांना बाहेर आणलं की त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या. एकटी भागूबाई तेवढी लॉनच्या कडेला उकिडवी बसायची. वैजापूरकडची, पन्नाशीची. नवरा गेल्यापासून सात महिने तिच्या तोंडातून अक्षर फुटलं नव्हतं. लेक नानासाहेब दर रविवारी यायचा, आईसमोर भाकरी सोडायचा, आणि तिनं मान वर केली नाही की फडकं गुंडाळून परत जायचा. "हा महिना बघतो," असं त्यानं डॉक्टरीणबाईंना सांगून टाकलं होतं, "मग घरी नेतो." घरी म्हणजे मागची खोली, बाहेरून कडी. इथं येण्याआधी ती तिथंच होती.

ही भागूबाई गवताकडं बघायची, पण कशी? कपाळाला आठ्या, ओठ घट्ट. मन शांत झालेलं माणूस असं बघतं का? मग का बरं? सांडूला जेवण गोड लागेना.

एके सकाळी अंगणाचा नळ तुटला आणि पाण्याचा फवारा उडाला. सांडू तसाच धावला आणि खुरपं लॉनवर राहिलं. दवाखान्यात धारेची वस्तू कायम कुलपात ठेवायची, हा पहिला नियम. पाण्याची चावी बंद करून परत येतो तर खुरपं भागूबाईच्या हातात!

आता ओरडायचं, वॉर्डातल्या मावशींना बोलवायचं, खुरपं काढून घ्यायचं. तो दोन पावलं धावला आणि थांबला. तिच्या हाताकडं बघत राहिला. पातं जमिनीला, डावा हात गवताच्या बुडख्याला. मारायला कोणी खुरपं असं धरत नाही. तो हळूच तिच्याजवळ, हात पोचेल एवढ्यावर बसला.

भागूबाईनं खुरपं घातलं, लांबलचक काशी ओढून काढली, माती झटकली, मागं फेकली. मग दुसरी. थोड्या वेळानं भिंतीजवळची द्वारकाबाई येऊन शेजारी बसली आणि नुसत्या हातांनी उपटू लागली. मग आणखी दोघी आल्या. बघता बघता बायांची पात लागली, एका ओळीत पुढं सरकणारी, अगदी वावरात निंदताना लागते तशी. अर्धं लॉन उलटंपालटं झालं, तेव्हा भागूबाईनं मान वळवली. आवाज गंजलेला.

"हराळी कोणी लावली रं हितं?"

"म्या लावली, आक्का."

"शेतकऱ्याच्या पोटचा हायेस का कोण? लाज नाय वाटली?"

सात महिन्यांनी पहिलं बोलणं, आणि तेही सांडूची खरडपट्टी! त्याला हसावं का रडावं कळेना.

तेवढ्यात ट्रस्टचे सेक्रेटरी काकासाहेब आले. दवाखाना सुरू झाला तरी रीतसर उद्घाटन राहिलं होतं, ते पुढच्या आठवड्यात, पाहुणे येणार, आणि लॉनची ही दशा. ते कडाडले, "खुरपं हिच्याकडं गेलं कसं? हिनं हिसकावलं ना?"

नुसतं "व्हय" म्हटलं की सांडूची नोकरी वाचत होती. पण मग अंगणाला कुलूप लागलं असतं, आणि भागूबाई पुन्हा मागच्या खोलीत गेली असती. इकडं सांडूच्या घरी चार तोंडं खाणारी.

"नाय सायेब. म्याच इसरलो. आन् तिच्या हातात दिसल्यावर बी घेतलं नाय."

"का?"

जन्मभर दुसऱ्याला विचारलेला प्रश्न आज त्याच्यावरच आला होता. "तिला काय करायचंय ते बघायचं व्हतं," तो म्हणाला.

"उद्यापासून येऊ नकोस!"

डॉक्टरीणबाई मागं येऊन उभ्या होत्या. त्या भागूबाईशेजारी खाली बसल्या, एक काशी उचलून म्हणाल्या, "हे सगळं निघायला किती दिवस लागतील हो?"

"बाया दिल्या तर आठ दिस," भागूबाई म्हणाली. "पर काशा ऱ्हायल्या तर पुन्यांदा येतंय."

डॉक्टरीणबाई काकासाहेबांकडं वळल्या. "पाच महिने मी हिच्या एका शब्दासाठी धडपडते आहे. अंगण उघडं राहील. माळीही राहील." सांडूला मात्र त्यांनी चांगलं झापलं, आणि त्याचं त्याला काही वाटलं नाही. खुरपी त्यानं स्वतः द्यायची, समोर बसायचं, स्वतः परत घ्यायची, असं ठरलं. लॉनच्या जागी मेथीचे वाफे आखले गेले. पाहुण्यांना काय सांगायचं ते काकासाहेबांनी बघून घ्यावं!

रविवारी नानासाहेब आला. आई चिखलानं माखलेली बघून बिचकलाच. वाफ्याच्या कडेला बसून त्यानं भाकरी सोडली. तिनं मान वर केली नाही. नेहमीसारखं फडकं गुंडाळायला लागला, तेव्हा खालूनच आवाज आला.

"नाना, कपाशी निंदली का?"

तो एवढा बाप्या माणूस, तिथंच हुंदके देऊन रडायला लागला.

"रडतो काय?" भागूबाई म्हणाली. "पात धर."

सांडूनं कुलूप उघडलं आणि आणखी एक खुरपं काढून नानासाहेबाच्या हातात दिलं.