विहिरीतली म्हातारी आणि दोन खुर्च्या

खुर्चीला नावं ठेवणारं गिऱ्हाईक मला आवडतं. चाक कुरकुरतंय, हात सैल आहे, कापडाचा रंग उडालाय, असं म्हणणारा माणूस खुर्ची घेऊनच जातो. नुसतं हसून "छान आहे हं" म्हणणारा पुन्हा फिरकत नाही. मरोळच्या गाळ्यात बंद पडलेल्या ऑफिसांच्या खुर्च्या-टेबलं विकण्यात माझी वीस वर्षं गेली. तेवढ्या वर्षांत ही समजूत एकदाही खोटी ठरली नाही, म्हणून तर मी ती नको तिथे वापरली.

त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर बसून माझ्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणीने तीन वर्षं एक व्हिडिओ गेम बनवला. मुलगी प्रोग्राम आणि संवाद लिहायची, मैत्रीण चित्रं काढायची. त्यात एक पोरगी टोपली घेऊन कोकणातल्या गावात फिरते आणि भुतं गोळा करते. माझी आई मालवणहून ज्या ज्या भुतांच्या गोष्टी घेऊन आली, ती सगळी त्यात आहेत: वाट चुकवणारा चकवा, पिंपळावरचा मुंजा, गावाची हद्द राखणारा देवचार. त्यांच्याशी मारामारी करायची नाही. त्यांना काय हवंय ते विचारायचं, आपल्याकडे काय आहे ते सांगायचं आणि घासाघीस करून त्यांना टोपलीत बसायला राजी करायचं. एवढं मला मुलीने एकदा जेवताना सांगितलं होतं. मी म्हटलं, झकास. आणि ताटात भात वाढून घेतला.

मी काही केलं नाही असं नाही. मैत्रिणीच्या घरच्यांनी तिच्या लग्नाचं काढलं तेव्हा घाटकोपरला जाऊन त्यांच्याशी दोन तास भांडून आले. पोटमाळ्यावर पंखा बसवला, वर चहा पाठवत राहिले. पण खेळ हातात घेऊन बघितला नाही. पोरांचं काहीतरी, आपल्याला काय कळणार.

गेम बाजारात आला आणि त्यावर लिहिणारे उगवले. आधी परदेशातल्या एका वेबसाइटवर चार ओळी आल्या: चित्रं गोड, कल्पना उसनी. मग आपल्याकडच्या दोघातिघांनी त्याच चार ओळी आपल्या म्हणून छापल्या. एकाने मुंजाला मुलगी म्हटलं होतं. ज्याने खेळ उघडूनही बघितला नाही तो माणूस त्यावर मत देतो, हे वाचून मी चिडले. मीही तो उघडलेला नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

मग अंधेरीच्या त्या समीक्षकाचा व्हिडिओ आला. तिशीचा असेल, पण या खेळांच्या जगात त्याचा शब्द चालतो, असं मैत्रीण म्हणाली. त्याने दहापैकी पाच दिले. परदेशातल्या एका बड्या खेळाची ही गावठी नक्कल, म्हणाला. सतत घासाघीस करून डोकं उठतं, म्हणाला. आणि शेवटची विहिरीतली म्हातारी तर काही केल्या टोपलीत येतच नाही. तासभर तिच्यापुढे एकेक वस्तू वाढवत बसलो, ती आणखी मागतच जाते, हा सरळसरळ खेळातला दोष आहे. हे सगळं तो ज्या खुर्चीत रेलून बोलत होता ती खुर्ची माझ्या गाळ्यातली होती. आदल्या वर्षी तो स्वतः येऊन घेऊन गेला होता, आणि घेताना तिलाही अशीच नावं ठेवली होती.

"असू दे गं आई, त्याला तसं वाटलं," मुलगी म्हणाली. पण तिने तो व्हिडिओ तीनदा लावला आणि डबा तसाच परत आणला. तीन वर्षांची मेहनत त्या एका पाचवर येऊन बसली होती. मला ते बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अंधेरीला त्याच्याकडे गेले. भिंतींना स्पंज चिकटवलेली एक खोली, मध्ये कॅमेरा, आणि आल्यागेल्याला बसायला दोन प्लास्टिकची स्टुलं. त्याने मला ओळखलं.

"काकू, तुम्ही? त्या खुर्चीचं चाक अजून कुरकुरतं हां."

"तेल घाल. मी त्यासाठी नाही आले. तो भुतांचा खेळ माझ्या मुलीचा आहे."

तो जरा सावरून बसला आणि खेळातल्या चुका सांगायला लागला. मी मध्ये तोंड घातलं नाही. जितकी नावं ठेवेल तितकं बरं, असंच मला वाटत होतं. त्याचं संपल्यावर म्हटलं, "ठीक आहे. तू पाच म्हणालास. मी आठ म्हणते."

तो हसला. "काकू, ही काय भाजी आहे का?"

"भाजीला मी एवढी तंगडतोड करत नाही."

तो आणखी हसला आणि गंमतीत म्हणाला, बरं, तुमच्यासाठी सहा. तिथेच मला कळलं की हा माणूस संपला. ज्याला आकडा हलवायचा नसतो तो गंमतीतही हलवत नाही. मी त्या स्टुलांकडे बघितलं आणि सांगितलं की दुपारपर्यंत जाळीच्या पाठीच्या दोन चांगल्या खुर्च्या इथे येतील. त्याने कॅमेरा बंद असल्याची खात्री करून घेतली. मग म्हणाला, "तसा मी तो गेम परत एकदा खेळणारच होतो."

सातावर सौदा ठरला. जिना उतरताना आनंद व्हायला हवा होता, पण मला शिसारी आली. जो माणूस सगळ्या जगाला सांगतो काय चांगलं आणि काय वाईट, तो दोन जुन्या खुर्च्यांवर गेला. थोडं ताणलं असतं तर एकीवरही गेला असता.

संध्याकाळी त्याने व्हिडिओखाली पाचाचे सात केले आणि लिहिलं, "पुन्हा खेळल्यावर मत बदललं." मी पोटमाळ्यावर गेले, मुलीच्या टेबलावर मोबाइल ठेवला आणि सगळी हकिकत रंगवून सांगितली. मैत्रीण खाली मान घालून बसली. मुलीने मोबाइल उलटा करून ठेवला.

"आई, पाच माझे होते," ती म्हणाली. "वाईट होते, पण माझे होते. हे सात तुझ्या खुर्च्यांचे आहेत."

"अगं, पण आकडा वाढला ना?"

"कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

तिने त्याच रात्री त्याला लिहिलं की माझ्या आईने येऊन सौदा केला आहे, तो मला मान्य नाही, पाच परत लावा. त्याने पाच परत लावले, आणि स्वतः धुतल्या तांदळासारखा असल्याचा आव आणून वर एक नवा व्हिडिओ काढला: गेम बनवणारीची आई मला खुर्च्या द्यायला आली होती. आपण सहा म्हटलं, सात लावले, यातलं एक अक्षर नाही. खुर्च्या घेतल्याचंही नाही. दोन्ही त्याच्याकडेच राहिल्या.

त्याखाली जे लोक लिहीत होते ते वाचून जेवण जाईना. "खुर्चीवाला गेम." "मला सोफा मिळाला तर मी दहा देतो." ज्यांनी खेळ कधी बघितला नाही ते सगळ्यांत पुढे. मुलुंडच्या एका कॉलेजातल्या मुलीने मनापासून लिहिलं होतं की आजीने सांगितलेला देवचार मला पहिल्यांदा कुठेतरी भेटला, मी रडले. तिला लोकांनी विचारलं, तुला किती खुर्च्या पोचल्या? दोन दिवसांनी तिने आपलं लिहिलेलं काढून टाकलं. माझ्या मुलीला त्या पाचाने जेवढं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. आता कुणी खरंच चांगलं म्हटलं तरी ते विकत घेतलेलं वाटणार होतं. रविवारी ती आपला कॉम्प्युटर उचलून मैत्रिणीच्या घरी घाटकोपरला गेली. भांडली असती तर मी तिला हरवलं असतं. ती भांडली नाही.

पोटमाळा रिकामा झाल्यावर मी तिच्या खुर्चीत बसून मोबाइलवर तो खेळ उघडला. चकव्याने मला दोन रविवार फिरवलं. मुंजा अडून बसला, देवचाराने मान मागितला. चौथ्या रविवारी दुपारी मी त्या विहिरीवर पोचले.

म्हातारी काठावर बसलेली, चष्मा साखळीला लावून गळ्यात सोडलेला. मी फणी दिली, तिने शंख मागितला. शंख दिला, तर म्हणाली, त्या टोपलीत आणखी काय आहे? मला हसू आलं. हे मी रोज करते. हिला वस्तू नको आहेत, आपल्याला किती गरज आहे ते ही बघते आहे. मी खेळातल्या पोरीची पाठ तिच्याकडे फिरवली आणि चालायला लागले. पाच-सहा पावलं गेले असेन. मागून पडद्यावर अक्षरं उमटली: "निघालीस काय? पाणी तरी पिऊन जा."

गाळ्यातून निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पाठीवर मी हीच हाक मारते. तीन वर्षं मुलगी वर बसून ऐकत होती. माझ्या गळ्यातला साखळीचा चष्माही मैत्रिणीने वरून बघून काढला असणार.

म्हातारी उठली आणि टोपलीत बसली. म्हणजे दोष नव्हताच. त्या माणसाने तासभर वस्तू वाढवल्या, पण एकदाही पाठ फिरवली नाही. हे उत्तर त्याच्या तोंडावर मारलं असतं तर पाच आपोआप हलले असते, एकही खुर्ची न देता. आता ते माझ्या तोंडून कोण ऐकणार होतं?

मी मुलीला फोन लावला. "पाठ फिरवली की येते ती."

"तू खेळलीस?"

"आज पोचले विहिरीपर्यंत."

"खुर्चीत स्वतः बसून बघितल्याशिवाय तू खुर्ची विकत नाहीस, आई."

मला म्हणायचं होतं की त्या माणसाला लिही, त्याला सांग पाठ फिरव म्हणून. मी सुरुवातही केली. तिने मला तोडलं: "आता तू कुणाला काही सांगू नकोस." पण फोन ठेवला नाही. उलट तिने विचारलं, "टोपलीत बसल्यावर काय म्हणाली म्हातारी?"

मी चष्मा लावून वाचून दाखवलं: "एवढा वेळ का लावलास?"

मैत्रीण मागे हसल्याचं ऐकू आलं. मुलगी हसली नाही. घरी कधी येतेस विचारलं, तर बघू, जेव, म्हणाली.

तो व्हिडिओ अजून तसाच आहे, पाचाचा. मी तो मधूनमधून लावते. म्हातारीला नावं ठेवायला तो पुढे झुकतो तेव्हा खालून माझ्या खुर्चीचं चाक कुरकुरतं. त्याच्या नव्या व्हिडिओंतही तेच; त्याने अजून तेल घातलेलं नाही.